बुडबुडे थांबेपर्यंत

माझ्या धाकट्या भावाचा जन्म ट्रक दुरुस्त करण्यात गेला. हातात कसब मोठं, पण धीर नावाला नाही. त्याचा मुलगा अचानक गेला आणि मुलाची जुनी टर्बोची स्पोर्ट्स कार दारात राहिली. गावाबाहेर पडली की ती तापायची, काटा थेट लाल रेघेवर. भावाने रेडिएटर बदलला, थर्मोस्टॅट बदलला, पंपही नवा घातला. गाडीचं आपलं तेच. शेवटी सून म्हणाली, "बाबा, भंगारात देऊ. ती अशी उभी बघवत नाही मला." त्याचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल टाकून त्याच्याजवळ बसले. त्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि लगेच झाकण लावलं.

"अरे, बुडबुडे तर थांबू दे!"

"ताई, तू आता मला गाड्या शिकव," तो म्हणाला, पण झाकणावरचा हात तसाच राहिला. "पोरगाही हेच सांगायचा. हा ट्रक नाही बाबा, आत हवा अडकते. मी त्याला हसायचो."

मग त्याने पुढची चाकं उंच केली, झाकण काढलं आणि इंजिन चालू केलं. अर्धा तास बुडबुडे येत होते. तो एकदाही उठला नाही.

चक्कर मारून आला तेव्हा काटा मधोमध होता. तरी त्याने इंजिन बंद केलं नाही.

"टर्बोला दोन मिनिटं दम खाऊ द्यायचा, म्हणायचा तो," तो म्हणाला.

सून घरातून बाहेर आली. दुसरं दार उघडून ती त्याच्या शेजारी बसली.