खिडकीतल्या चादरी

इटलीतल्या त्या डोंगरावरच्या जुन्या गावात आम्ही दगडी मनोरा बघत होतो. शेजारच्या खिडकीत एक म्हातारी ओल्या चादरी वाळत घालत होती. आमच्या सहलीतले एक काका गाईडला म्हणाले, "तिला त्या काढायला सांगा. फोटो खराब होतोय."

गाईडने संकोचत सांगितलं. म्हातारीने आमच्याकडे पाहिलं आणि एकेक चादर आत ओढून खिडकी लावून घेतली.

मी भडकले. "काका, घर आहे ते तिचं!"

"अहो, आपण काय रोज येणार आहोत इथे?"

ती मात्र रोज तिथेच राहणार होती. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचं आम्हाला केवढं कौतुक, आणि त्यांच्याच भिंतीआड जगणारी बाई फोटोत नको!

बंद खिडकीखाली सगळे हसत उभे राहिले. काकांनी मलाही हाक मारली. मी गेले नाही.