डॉक्टरांच्या आईचा मोतीबिंदू

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नव्वदच्या दशकात वडिलांचा मोतीबिंदू काढायला नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात गेलो होतो, खाली साड्यांचं दुकान आणि वर ऑपरेशन थिएटर. शेजारी सायखेड्याची एक आजी बसली होती, अंगाला झेंडूचा वास. तिला धड दिसत नव्हतं, तरी उठून दारामागे बोट फिरवून धूळ पाहिली. तिची खात्री पटावी म्हणून मी भिंतीवरचं, महापालिकेने दवाखाना तपासून दिलेलं नोंदणी प्रमाणपत्र वाचून दाखवलं.

"तपासायला येनार म्हटल्यावर कोनबी झाडून ठेवतं," ती म्हणाली आणि डॉक्टर येताच त्यांनाच विचारलं, "तुमच्या आईचा मोतीबिंदू हितंच काढला का?"

डॉक्टर ओशाळले. "ती फार घाबरते हो, आजी. तयारच होत नाही."

आजीने पदर खोचला. "मग चला, आधी माजा काढा. पट्टी सुटली की मीच येते तिला समजवायला."