हलकं रिव्हॉल्व्हर आणि सहावं काडतूस

दोन बार उडाले आणि तिसऱ्याला रिव्हॉल्व्हरचा काडतुसं भरलेला फिरता सिलिंडर अडकला. मी ट्रिगर ओढतेय, ओढतेय, पण ढिम्म हलत नाही. मागे उभा असलेला माझा बॉस रँडी शांतपणे म्हणाला, "वृंदा, अस्वल पोचलं तुझ्यापर्यंत. आता त्याच्याशी गप्पा मार."

मी जिऑलॉजिस्ट. तेव्हा ट्रॉय शहरातल्या एका कन्सल्टिंग कंपनीत होते. साल दोन हजार पाच. मोंटानाच्या डोंगरात तांबं शोधायचं काम आलं होतं आणि टीम लीड म्हणून पहिल्यांदाच माझं नाव लागलं होतं. तिथे ग्रिझली, म्हणजे खांद्यावर वशिंड असलेली भली थोरली अस्वलं. बेअर स्प्रे, म्हणजे तिखटाचा फवारा, सगळ्यांकडे असायचाच. शिवाय लीडने स्वतःचं रिव्हॉल्व्हर बाळगायचं आणि निघण्याआधी त्याच रिव्हॉल्व्हरने शूटिंग रेंजवर नेमबाजीची टेस्ट पास करायची, हा रँडीचा नियम. मी नापास झाले तर लीड माझा सहकारी केव्हिन. केव्हिनला दगड आणि वीट यातला फरक समजावून सांगावा लागे. त्याच्या हाताखाली जायच्या कल्पनेनेच माझं डोकं फिरत होतं.

आता हे रिव्हॉल्व्हर निवडलं कोणी? आमच्या ह्यांनी. अविनाश एका ऑटो कंपनीत कारच्या सीट्स हलक्या करायचा. दिवसभर ग्रॅम वाचवून घरी येणारा माणूस. "सॅकचा पट्टा कमरेवर असतो, म्हणजे तू हे छातीवर बांधणार. ते घेऊन डोंगर चढायचे. स्टीलचं धूड कशाला?" असं म्हणून त्याने टायटॅनियमच्या सिलिंडरचं, फोर्टी-फोर मॅग्नम या दणकट काडतुसाचं रिव्हॉल्व्हर हुडकलं. हातात घेतलं तर खेळण्यासारखं. मलाही पटलं.

मग काडतुसं. इथे मात्र साहेबांचं ग्रॅम-प्रेम कुठे गेलं कोण जाणे. दुकानातली सगळ्यात जड गोळी आणि सगळ्यात जास्त दारू असलेली काडतुसं त्याने उचलली. शेजारच्या कुलकर्णी काकांनी पॉटलकच्या जेवणात मान डोलावली. "घ्यायचं तर भारीच घ्यावं." काकांनी उभ्या आयुष्यात टिकल्यांचं पिस्तूलही वाजवलं नसेल. माझी लेक प्लेटमधून मान वर न करता म्हणाली, "आई, जस्ट यूज द स्प्रे." तिचं ऐकतंय कोण.

टेस्टच्या पहिल्या बाराला मनगटापासून खांद्यापर्यंत सणक गेली. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. तिसरा उडालाच नाही.

रँडीने रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून काढून घेतलं, हळूहळू खटपट करून मोकळं केलं आणि मला एक न उडालेलं काडतूस दाखवलं. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्यात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली शिशाची गोळी. बार उडाला की रिव्हॉल्व्हर मागे झटका खातं आणि शिल्लक काडतुसांच्या पुंगळ्याही त्याच्याबरोबर मागे जातात. गोळ्या मात्र जड आणि आळशी. त्या जागच्या हलत नाहीत, म्हणून पुंगळीतून थोड्या बाहेर येतात. एखादीचं नाक सिलिंडरच्या बाहेर डोकावलं की ते रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमला, म्हणजे सांगाड्याला, अडतं. मग सिलिंडर फिरत नाही. रिव्हॉल्व्हर जितकं हलकं, तितका झटका मोठा. आणि आमच्याकडे सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर नि सगळ्यात जड गोळी, असा छत्तीस गुण जुळलेला जोडा.

"हे कॉम्बिनेशन कोणी निवडलं?" रँडीने विचारलं.

"नवऱ्याने."

"तुझा लाइफ इन्शुरन्स काढलाय का त्याने?"

शनिवारी आणखी एक संधी होती. घरी येऊन मी अविला फाडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसमधून येताना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन आला आणि म्हणाला, "चल रेंजवर."

या वेळी मी काडतुसांचं रँडीला विचारून गेले होते. माणसांसाठी वापरतात ती पोकळ नाकाची गोळी अंगात शिरताच पसरते आणि लवकर थांबते. अस्वलाची चरबी आणि हाडं भेदायची तर गोळी भरीव आणि कडक हवी. वेग मात्र बेताचा चालतो. फोर्टी-फोर मॅग्नममध्ये फोर्टी-फोर स्पेशल नावाची आखूड, कमी दारूची काडतुसंही बसतात. तसली भरीव गोळीची दोन ब्रँडची पाकिटं आणली. कृती सोपी. सहा भरायची, सहाव्या काडतुसाची लांबी मोजायची, पाच उडवायची, सहाव्याची लांबी पुन्हा मोजायची. पहिल्या ब्रँडची गोळी सरकली. अविने ते पाकीट बाजूला ठेवलं. दुसऱ्या ब्रँडची केसभरही हलली नाही. त्याने तीन-तीनदा मोजलं. मनगट माझं दुखत होतं आणि घाम त्याला फुटला होता.

शनिवारी सहाच्या सहा गोळ्या निशाण म्हणून लावलेल्या कागदी प्लेटमध्ये गेल्या. रँडी म्हणाला, "सोमवारची फ्लाइट चुकवू नकोस." मी पार्किंग लॉटमध्ये थांबलेल्या अविपर्यंत तरंगतच गेले.

गाडीत बसल्यावर अविने चावी लावलीच नाही. "तू जाऊ नयेस असंच वाटत होतं मला," तो म्हणाला. "तसं म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून निदान अस्वल तरी थांबेल अशी दुकानातली सगळ्यात मोठी गोळी घेतली. फार भीती वाटते गं."

माझा सगळा राग तिथेच उतरला. "मलाही वाटते," मी म्हटलं.

सोमवारी गेले. अख्ख्या सीझनमध्ये अस्वल एकदाच दिसलं, दूर ओढ्यापलीकडे. आमच्याकडे ढुंकूनही न बघता ते निघून गेलं.

तेव्हापासून नव्या टीम लीडला मी एकच सांगते. घाबरलेल्या माणसाला काडतुसं निवडायला पाठवू नये. त्याच्या हातात व्हर्नियर द्यावा आणि आपल्या शेजारी उभं करावं.