रिकाम्या लोडरमधला ठिपका

खाणीतली सगळी माणसं वर आली होती, आणि तरी आमच्या मॅपवर एक ठिपका उरला होता.

थांबा, आधीचं सांगते. मी बसते पुण्यात, बिबवेवाडीत आणि चालवते आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतला लोडर. लोडर म्हणजे फुटलेला दगड उचलून नेणारं बुटकं, अवाढव्य मशीन. कॅमेरे, जॉयस्टिक, बास. त्या दिवशी हा लोडर पहिल्यांदाच ड्रायव्हरशिवाय चालत होता, त्यामुळे मी जाम खूश होते.

शिफ्ट संपली की खाली ब्लास्टिंग होतं. प्रत्येकाच्या हेल्मेटच्या दिव्यात टॅग असतो, तो मॅपवर ठिपका म्हणून दिसतो. सगळे ठिपके गेले की आम्ही इथून क्लिअरन्स देतो, मग तिकडे स्फोट.

मी लोडर ब्लास्टच्या जागेपासून लांब काढत होते. शेजारी ओंकार मॅप बघत होता.

"अगं, थांब जरा." मी थांबले. "आता पुढे घे." घेतला. "परत थांब."

"काय चाललंय तुझं?"

"तू थांबलीस की हा ठिपकाही थांबतोय."

ठिपक्यावर नाव होतं, सॅम्युएल. कॅमेऱ्यात नुसता ओला बोगदा. लोडरच्या केबिनमध्ये कॅमेराच नाही.

ओंकारने तिकडच्या शिफ्ट बॉसला, डॅनियलला, स्पीकरवर घेतलं. तो म्हणाला, सगळे वर आहेत, मोजलेत.

"मग सॅम्युएल कुठाय?"

डॅनियलचा आवाज खाली आला.

"सॅम्युएल मागच्या वर्षी वारला. तोच चालवायचा हा लोडर. सिस्टिमचा घोळ असेल, क्लिअरन्स द्या."

आमच्या हेड गायकवाड मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. "केबिन कोणी पाहिलीय?"

"नाही, मॅडम."

"मग भुताला तरी कशाला उडवायचं? क्लिअरन्स नाही."

ब्लास्ट रद्द. डॅनियल चिडला, पण एकाला घेऊन खाली गेला. कॅमेऱ्यात त्यांचे दिवे जवळ येताना दिसले. रेडिओवर केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला.

सीटच्या मागे सॅम्युएलचा दिवा लटकत होता. चार्ज केलेला, चालू. त्याच्या जोडीदारांनी सकाळी गुपचूप ठेवलेला. मशीन खाली एकटं पाठवायचं नाही, असं ते मानतात. आणि सिस्टिममधून त्याचं नाव कोणी काढलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ब्लास्ट झाला. जोडीदारांनी टॅग काढून दिला, दिवा मात्र काढू दिला नाही.

लोडर रोज मीच चालवते. त्यातून शिकले ते एवढंच, मॅप रिकामा दिसला म्हणून केबिन रिकामी असतेच असं नाही.