दोन ते आठ अंशांच्या मधे

वागळे इस्टेटमधून सकाळी सहाला निघाले, तेव्हा गेट उघडणाऱ्या वॉचमनने नेहमीप्रमाणे केबिनच्या दुसऱ्या बाजूला डोकावून पाहिलं. तिथे कुणीतरी पुरुष बसलेला असेल, असं त्याला अजून वाटतं. मी हॉर्न दिला आणि निघाले. ठाणे ते इंदूर, मे महिना, मागे इन्सुलिनची खोकी.

माझी गाडी रीफर, म्हणजे चालतं-फिरतं शीतगृह. पेटीच्या पुढच्या भिंतीवर थंडावा देणारं युनिट असतं. त्याला स्वतःचं इंजिन आणि स्वतःचं डिझेल. औषधांचा माल दोन ते आठ अंशांच्या मधे ठेवायचा, एवढाच नियम. यापूर्वी सहा वर्षं मी कल्याणच्या मार्केटमधून भाजीचा टेम्पो चालवला. भाजी सुकली तर गिऱ्हाईक ओरडतं. इन्सुलिन तापलं तर कुणीच ओरडत नाही, बाटली तशीच दिसते. माझी आई आंबिवलीला घरी रोज दोनदा इन्सुलिन टोचून घेते, म्हणून मला हे माहीत.

माजिवड्याचा पूल ओलांडला, खारेगावची खाडी गेली, माणकोलीची गोदामं मागे पडली. रांजणोलीला उजवीकडे कल्याणचा रस्ता फुटतो. टेम्पो असता तर हात आपोआप तिकडे वळले असते. मी सरळ गेले. शहापूरनंतर डोंगर समोर आले. कसारा घाटात सागाची झाडं नुसती काड्यांसारखी उभी होती. माझ्यामागे लागलेला एक कंटेनरवाला सतत दिवे मारत होता. शेवटी तो ओव्हरटेक करून गेला आणि जाताना माझ्याकडे पाहून त्याने कपाळाला हात लावला. कौतुक की कीव, कळलं नाही. मी दोन्हींतलं काहीच घेतलं नाही.

नाशिक सोडून चांदवडच्या पुढे आले आणि फोन वाजला. गाडी कडेला घेतली. आमच्या कंपनीत गाड्या रवाना करायचं काम सावंतसाहेब बघतात. त्यांचाच फोन होता.

"मंगलताई, कुठे पोचलात?"

"चांदवड सोडलं साहेब."

"मग आता युनिट बंद करा. उद्या इंदूरच्या अलीकडे दोन तास चालू करा, बास. डिझेल किती जातं माहितीय ना?"

"बाहेर बेचाळीस आहे साहेब. माल तापेल."

"अहो, लॉगर मी बर्फाच्या पाकिटांमधे ठेवलाय. त्याच्यात चारच दिसणार. सगळेच करतात."

लॉगर म्हणजे मालासोबत प्रवास करणारं छोटं यंत्र, दर काही मिनिटांनी तापमान लिहून ठेवणारं. ते बर्फात पुरलं की मागे भट्टी पेटली तरी ते थंडच लिहिणार. माझ्या गाडीत, माझ्या सहीच्या मालात, हे मला न सांगता केलं होतं.

"मी नाही बंद करणार," मी म्हणाले.

"काय?"

"युनिट चालू राहील. तुम्हाला बंदच करायचं असेल तर मेसेज टाका तसा. मी तो इंदूरला दाखवीन."

"फार शहाणपणा करू नका ताई. गाडी चालवायला माणसं रांगेत उभी आहेत."

फोन ठेवला. बाटलीतलं कोमट पाणी प्यायले आणि गाडी पहिल्या गिअरमधे टाकली.

धुळ्याच्या अलीकडे एका साध्या ढाब्यावर जेवले. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). भाजी इतकी तिखट की कानातून वाफ निघावी. भाकरी थापणारी आजी चुलीमागून उठून बाहेर आली आणि गाडीकडे बघत म्हणाली, "एकलीच शे का?" (एकटीच आहेस का?)

"एकटीच."

"बरं शे," असं म्हणून तिने माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

संध्याकाळी तापी ओलांडून शिरपूरला गाडी लावली. तिथल्या ढाब्यावर बाईला आंघोळीची सोय नाही. मी मालकाला म्हटलं, बादलीभर पाणी आणि दाराला कडी असलेली खोली, एवढंच हवंय. त्याने कोठीची किल्ली काढून दिली. कांद्याच्या पोत्यांमधे आंघोळ केली. युनिट चालू ठेवून केबिनमधेच झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिजासनच्या घाटात, चढ संपत आला असताना, मागचा आवाज बदलला. पेटीतलं तापमान दाखवणारा केबिनमधला आकडा चारवरून पाच झाला. वर चढून युनिटचं झाकण उघडलं तर पट्टा तुटून लोंबत होता. जादा पट्टा मी दोनदा मागितलेला, मिळाला नव्हता. आकडा सहा झाला. दार उघडायचं नाही, सावलीत थांबत बसायचं नाही, घाटापलीकडचं सेंधवा गाठायचं. बाकी काही मी ठरवलं नाही.

सेंधव्याला शिरताना पहिल्याच गॅरेजवर सलीमभाई भेटले. चष्म्याला दोरी बांधलेले साठीचे मेकॅनिक. त्यांनी तुटलेला पट्टा हातात घेऊन ताणून पाहिला.

"दवाई है क्या अंदर?"

"इन्सुलिन आहे भाई."

त्यांनी समोरच्या ट्रॅक्टरचं काम तसंच सोडलं. मापाचा पट्टा त्यांच्याकडे नव्हता. स्कूटरवर बसून ते बाजारात गेले आणि दोन पट्टे घेऊन आले, एक बसवायला आणि एक माझ्याकडे ठेवायला. युनिट पुन्हा सुरू झालं, तेव्हा ते पावणेदोन तास बंद राहिलेलं होतं. केबिनमधला आकडा आठ दाखवत होता. सलीमभाईंच्या घरून पानिये आले होते (पळसाच्या पानांत शेकलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या). त्यांनी मला उभ्यानेच दोन खायला लावले. पानांचा धुरकट वास हाताला दिवसभर राहिला.

तिथून इंदूरपर्यंतचे तास मी एकच हिशेब करत होते. लॉगर बर्फात आहे. त्यात काहीही आलेलं नसणार. मी गप्प राहिले तर माल उतरेल, पावतीवर शिक्का बसेल, सावंतसाहेबही खूश. माझ्याच माणसाने केलेली चोरी आता माझ्या उपयोगाची होती. हे सगळ्यात जास्त झोंबलं.

इंदूरच्या गोदामात माल तपासायला शुक्ला मॅडम होत्या, चाळिशीच्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी लॉगर काढला, कागद पाहिला. "बढ़िया. चार डिग्री, पूरे रास्ते."

"मॅडम, तो कागद बरोबर नाही," मी मोडक्या हिंदीत सांगितलं. युनिट बंद करायला काल फोनवर काय सांगितलं होतं, लॉगर कुठे ठेवला होता, पट्टा कधी तुटला, किती वेळ युनिट बंद होतं, सगळं सांगितलं.

त्यांनी कागद खाली ठेवला. "आपको पता है, इसके बाद मैं क्या करूँगी?"

"माल तपासा," मी म्हणाले.

त्यांनी हातातल्या थर्मामीटरने एकेक खोकं तपासलं. दाराजवळची अकरा खोकी नऊवर गेलेली निघाली. ती त्यांनी घेतली नाहीत. बाकी सगळा माल घेतला. पावतीवर मी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं, आणि सही करताना म्हणाल्या, "कल बंद कर देतीं, तो एक भी नहीं बचता."

ती अकरा खोकी घेऊन परत निघाले. युनिट चालूच ठेवलं. फेकायची असतील तर ते ठरवणारी मी नव्हे.

ठाण्यात पोचले तेव्हा सावंतसाहेब ऑफिसच्या दारातच उभे होते. पावती वाचून त्यांचा चेहरा काळवंडला.

"तुमच्यामुळे कंपनीची अब्रू गेली. गाडीची चावी द्या."

"देते. पण लिहून द्या साहेब."

"काय लिहून देऊ?"

"की युनिट बंद करायला मी नकार दिला आणि खरं सांगितलं, म्हणून मला कामावरून काढलं. सही करा, चावी घ्या."

आजूबाजूला चार-पाच ड्रायव्हर चहा पीत होते. ते थांबले. सावंतसाहेबांनी आत वळून टेबलावरचं पेन उचललं, फिरवलं आणि परत ठेवलं. मी पाच मिनिटं उभी राहिले. मग चावी खिशात टाकून बाहेर पडले.

सोमवारी सकाळी सहाला मी गेटवर होते. यादीत माझं नाव नागपूरच्या गाडीसमोर होतं. सावंतसाहेबांनी कागद माझ्याकडे न बघता पुढे सरकवले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पुढे काय होईल, मला माहीत नाही. उद्या दुसरं काही कारण काढून मला घालवतीलही.

शेजारणी विचारतात, एवढं फिरतेस, काय बघतेस? घाट बघते, नद्या बघते, हे खरंच. पण या फेरीत मी आणखी एक गोष्ट पाहिली. "सगळेच करतात" हे वाक्य फोनवर बोलायला माणसाला काही लागत नाही, आणि तेच कागदावर लिहून खाली सही करायची वेळ आली की हातातलं पेन खाली जातं. जे लिहायची तुमची हिंमत नाही, ते माझ्या हातून करवून घेता येणार नाही. मग समोर रांगेत कितीही माणसं उभी असोत.