बाईंना मराठी येत नव्हतं

आमच्या सुपरवायझर बाई टेप डोळे मिटून ऐकत. समोर कोरा कागद, हातात पेन्सिल. समुपदेशनाला आलेला विद्यार्थी बोलला की कागदाच्या डाव्या बाजूला रेघा, आम्ही इंटर्न बोललो की उजव्या बाजूला. टेप संपली की आधी रेघा बघत, मग आमच्याकडे. उजवी बाजू काळी झालेली दिसली की एवढंच विचारत, "सो मेनी थिंग्ज टू से, आह?" आवाज अगदी मऊ असे. तरी कुठे तोंड लपवावं ते कळत नसे.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. सिंगापूरच्या एका विद्यापीठातल्या समुपदेशन केंद्रात मी मानसशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी वर्षभराची इंटर्नशिप करत होते. बाई चिनी, साठीला टेकलेल्या, बारीक चणीच्या. बाकी सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. मी मनातल्या मनात बाई म्हणे, कारण पुण्यात ज्यांचा धाक वाटतो आणि ज्यांची शाबासकीही हवी असते, त्यांना आम्ही बाईच म्हणत आलो.

समोरची मुलगी रडायला लागली की टिश्यू पुढे करायला बाईंनी आम्हाला बंदी घातली होती. खोका तिच्या हाताशी ठेवा, पण तुम्ही उचलून देऊ नका. "तू दिलास की तिला वाटतं, आता आवरायला हवं. तुला तिचं रडणं बघवत नाही म्हणून तू देतेस." मी पहिल्याच महिन्यात तीनदा दिला. सवयच तशी. आपल्याकडे कोणी रडायला लागलं की पाणी आणायला चार जण धावतात.

मी हौगांग नावाच्या उपनगरात एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहत होते आणि बाईंचं घरही तिथून दोन स्टॉपवर. रविवारी बाजारात भेटत. मासेवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या त्या बाई आणि केंद्रातल्या बाई एकच यावर विश्वास बसत नसे. एकदा मासे घेताना केंद्रात येणारा एक विद्यार्थी शेजारून गेला, तर बाईंनी मान खाली घालून कोळंबीत डोळे खुपसले. तो गेल्यावर म्हणाल्या, "ओळख त्यांनी दाखवायची. आपण नाही."

जानेवारीत माझ्याकडे एक नागपूरची मुलगी आली. संशोधनासाठी आली होती. नाव सांगत नाही. झोप येत नाही, प्रयोगशाळेत जावंसं वाटत नाही, असं ती इंग्रजीत दोन आठवडे सांगत राहिली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "ताई, मराठीत बोलू?" मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कॅन. मला कळणार नाही, तेव्हा तू शब्दन् शब्द भाषांतर करून आण. आय डिपेंड ऑन यू."

मराठीत ती घडाघडा बोलली. इथल्याच पुंगोल भागात एका मराठी कुटुंबाकडे पूजेला गेली होती. सगळ्याजणी स्वयंपाकघरात गप्पा मारत होत्या, हीही पुऱ्या लाटायला बसली. एका काकूंनी आडनाव विचारलं. मग गाव. मग, "म्हणजे तुम्ही त्यातले का?" ती हो म्हणाली. थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "तू बस गं बाहेर, पाहुणी आहेस," आणि तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. बाकीच्या पाहुण्या लाटतच होत्या. "समुद्र ओलांडून आले, ताई," ती म्हणाली, "आणि तेच."

इथे मी गप्प बसायचं होतं. मी बोलले. म्हटलं, अगं, इथे परदेशात कोण जात बघतंय? काकू सहज म्हणाल्या असतील, तू मनाला लावून घेतेस. आमच्याच घरी बघ, सगळ्या जातींची माणसं जेवायला येत, आईने कधी वेगळं ताट ठेवलं नाही. तू आई-वडिलांच्या कष्टांकडे बघ, अभ्यासात डोकं घाल. चार मिनिटं बोलले. ती "हो, ताई" म्हणाली आणि वेळ संपायच्या आत उठली.

रात्रभर विचार करून सकाळी मी भाषांतर केलं. त्यात पूजा होती, पुऱ्या होत्या, पण जात नव्हती. "आपल्याला परकं वाटलं, असं ती सांगते," असं लिहिलं. माझी चार मिनिटं एका ओळीत बसवली: "तुला ते फार लागलेलं दिसतं." पाठ्यपुस्तकात शोभावं असं वाक्य. आपल्या घरातली घाण परक्या बाईंसमोर कशाला, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला नापास व्हायची भीती होती, आणि त्याहून मोठी भीती अशी की बाईंना मी खरी कशी आहे ते कळेल.

बाईंनी डोळे मिटून टेप ऐकली. उजवी बाजू काळीभोर झाली. त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "इथे तू बराच वेळ बोलतेस. लिहिलंय मात्र एकच वाक्य."

मी म्हटलं, "मराठीत एवढंच सांगायला पुष्कळ शब्द लागतात."

हे मी म्हटलं. ज्या भाषेचा घरी एवढा अभिमान मिरवला, तिच्या गळ्यात माझं खोटं बांधलं. बाईंनी कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "ओके."

पुढच्या गुरुवारी मुलगी आली नाही. कोणी आलं नाही तरी पन्नास मिनिटं खोली त्याचीच, असा बाईंचा नियम. मी बसून राहिले. थोड्या वेळाने बाई आल्या आणि रिकाम्या खुर्चीवर न बसता माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. अर्धा तास आम्ही दोघी गप्प. मी तोंड उघडावं म्हणून दिलेला तो अर्धा तास होता, हे मला तेव्हाही कळत होतं. महिनाअखेरीस टेपा पुसायच्या असत. तिची टेप हातात घेऊन बाईंनी विचारलं, "पुसू?" मी म्हटलं, "पुसा."

जूनमध्ये बाईंनी माझ्या मूल्यमापनाचा फॉर्म भरला. सगळीकडे चांगले शेरे. 'सुपरवायझरशी मोकळेपणा' या रकान्याशी त्या थांबल्या. "यू वॉन्ट टू टेल मी समथिंग?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी तो रकाना कोराच ठेवून सही केली.

मी दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "त्या मुलीची काळजी करत असशील तर करू नकोस. दोन महिने ती माझ्याकडे येते."

"पण तिला इंग्रजीत जमत नव्हतं," माझ्या तोंडून गेलं.

"नाहीच जमत. शब्द शोधत बसते. मी थांबते." मग म्हणाल्या, "तिनंच मागितलं. मराठी बोलणारं कोणी नको, म्हणाली."

म्हणजे दोन महिने दर मंगळवारी बाई माझ्या टेपा ऐकायला माझ्यासमोर बसत होत्या, सगळं ठाऊक असून, आणि मी आपणहून सांगण्याची वाट बघत होत्या. मी "थँक यू" म्हटलं. हात मिळवला. तेव्हाही सांगितलं नाही.

बाई गेल्याचा ईमेल काही वर्षांनी पुण्यात आला. त्या दिवशी मी दार लावून बसले आणि ती चार मिनिटं, आईच्या ताटासकट, एक शब्द न बदलता इंग्रजीत लिहून काढली. टेपेची गरज पडली नाही, सगळं पाठ होतं. दोन पानं भरली. तपासायला कोणी नव्हतं.