तायडीची उघडी डिस्क

माझ्या मामाच्या नाकावर कायम राग असायचा. साउंड सिस्टीम भाड्याने द्यायचं त्याचं दुकान होतं. सीडी वाजेना की डीजे मंडळी तिथे यायची आणि खापर त्याच्या प्लेअरवर फोडायची. मामा डिस्क उजेडात तिरकी धरून बघायचा. "गाणी भरलीस, पण शेवटी डिस्क बंद कोण करणार, तुझा सासरा? उघडी डिस्क कॉम्प्युटर वाजवून घेतो, प्लेअर नाही घेत." मग कॉम्प्युटरवर स्वतःच ती बंद करून द्यायचा. चुटकीसरशी होणारं काम. फक्त, एकदा बंद केलेल्या डिस्कमध्ये पुन्हा गाणं भरता येत नाही.

सगळ्यांत जास्त बोलणी खाल्ली त्याच्या मुलीने, तायडीने. ती स्वतः डीजे, पण डिस्क कधी बंद करायची नाही. "राहू दे ना बाबा, अजून एखादं सुचेल," म्हणायची.

तायडी आजारपणात गेली. पुढे कधीतरी मामीला तिच्या बॅगेत एक डिस्क सापडली. मामीने ती दुकानात नेऊन मोठ्या प्लेअरला लावली. प्लेअरने बराच वेळ फिरवली आणि बाहेर टाकली.

"अहो, बंद करून द्या ना," मामी म्हणाली. "मोठ्या स्पीकरवर ऐकू."

मामाने डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली. पण माउसला हात लावला नाही.

"बंद केली तर तिला पुढे काही भरता येणार नाही," तो म्हणाला.

मामीने वाद घातला नाही. तिने आपली खुर्ची कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरजवळ ओढून घेतली.